चाळीस जास्त

एकोणतीस तारीख, रात्रीचे सव्वानऊ.
वहीत शिल्लक दोनशे बहात्तर,
बिस्किटांच्या डब्यात तीनशे बारा.
तीनदा मोजले, बोटाला थुंकी लावून, बाबांसारखे.
चाळीस रुपये जास्त.

पुण्यात आल्यापासून हे पहिल्यांदाच.
एरवी पैसे कमी भरतात आणि मी आठवत बसते,
रिक्षा? झेरॉक्स? की लॅबमधल्या कुणाची वर्गणी?
मग ‘इतर’ नावाच्या रकान्यात सगळं ढकलायचं
आणि दिवा घालवायचा.
त्या ‘इतर’मध्ये एक छत्री आहे, पीएमपीत राहिलेली,
आणि डेक्कनला उगाच प्यालेली कॉफी,
जिची चव गेली, किंमत तोंडपाठ आहे.

पगार एकोणीस हजार चारशे.
दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे लिहिते,
साखर इतकी, लोह इतकं, हे प्रमाणात, ते कमी.
रात्री स्वतःचे.
कॉट बेसिस साडेपाच हजार, कर्वेनगर, तिसरा मजला.
खिडकीकडच्या कॉटला पाचशे जास्त पडतात.
तिथे फिरदौस झोपते. पौर्णिमेला हाक मारते,
ये गं, बघून जा, तुला फुकट.
पानसे काकूंचा गीझर सात ते सव्वासात.
डबा दोन्ही वेळचा,
रविवारी संध्याकाळी सुट्टी.

या रविवार संध्याकाळबद्दल
वसमतला मला कुणी काही बोललं नव्हतं.
भूक तिथेही लागायची रविवारी,
पण तिच्यावर छापील किंमत नव्हती.
आता नवा महिना लागला
की सणवार नंतर, आधी रविवार मोजते.
चार असले तर बरं वाटतं.

तर, चाळीस जास्त.
मी मनातल्या मनात ते खर्चूनही टाकले,
आणि बाबांना फोन लावला, फुशारकी मारायला.
एकतीस वर्षं पतसंस्थेत कीर्द लिहिलेला माणूस,
पाच पैशांची तफावत सापडेपर्यंत
ज्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं.
म्हटलं, हसतील.

हसले नाहीत.
“कमी भरले तर आपण काहीतरी विसरलो.
जास्त भरले, तर कुणाचं तरी आपल्याकडे राहिलं.
कमीचं उद्या शोधलंस तरी चालेल.”
मागे आईने विचारलं, काय झालं?
“काही नाही,” म्हणाले, “पोरगी हिशेब लिहिते.”
आवाज जरा मोठा होता, शेजारी ऐकू जाईल इतका.

मग वही उलटी वाचत गेले.
गुरुवार, केळी. मंगळवार, सेफ्टी पिना.
रविवार: भुर्जीपाव, चाळीस.
शाई नीट, आकडा नीट,
फक्त ते दिलेच नव्हते.
पाचशेची नोट बघून गाडीवाला म्हणाला होता,
सुट्टे नाहीत ताई, जाऊ द्या, परत याल तेव्हा.
मी घरी आले, आणि चोख लिहून ठेवले.

चपला घातल्या. जिन्यात दिवा नव्हता.
तो तवा घासत होता, अंडी संपलेली.
“कुठले चाळीस?” म्हणाला.
मी वार सांगितला, नोट सांगितली,
कांदा जास्त मागितला होता तेही सांगितलं.
त्याने ओल्या हातानेच घेतले,
न बघता गल्ल्यात टाकले,
आणि पुन्हा तवा.

त्याच्याकडे कुठे लिहिलेलं नव्हतं.
परतताना हेच डोक्यात घोळत राहिलं,
की हा सगळा व्यवहार
जगात फक्त माझ्या वहीत होता.

दोनशे बहात्तर. जुळले.
बाबांना कळवलं, सापडले.
इतक्या उशिरा ते जागे नसतात,
तरी लगेच उत्तर आलं: बरं. जेवलीस का?

पुढचं पान उघडून वर लिहिलं,
मागील पानावरून पुढे.
या खेपेला रविवार पाच आहेत.